हंगामाच्या सुरुवातीचे ट्रेक: बर्फ टाळून वाट कशी निवडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी ओसरली की सॅक माळ्यावरून खाली येते. डोंगरावरचा हिवाळा मात्र तेव्हा संपलेला नसतो. ज्यांना बर्फावर चालण्याची सवय नाही किंवा हौस नाही, आणि तरीही वसंतात चार-सहा दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडायचं आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फात वापरायची कुऱ्हाड, कशी वापरायची हे इथे सापडणार नाही. बर्फ लागणारच नाही अशी वाट नकाशावर कशी हुडकायची, एवढाच विषय आहे.

हंगामाची सुरुवात म्हणजे नेमका कोणता काळ?

खोऱ्यातल्या झाडांना पालवी फुटली आहे आणि खिंडी अजून पांढऱ्या आहेत, असा मधला काळ. उत्तर गोलार्धात ढोबळमानाने मार्चअखेर ते जूनअखेर. मात्र उंचीप्रमाणे तो मागेपुढे होतो. हजार मीटरच्या डोंगरांवर एप्रिलमध्ये हंगाम भरात असतो, तर चार हजार मीटरच्या एखाद्या खिंडीसाठी जुलैचा पहिला आठवडाही लवकरचाच ठरतो.

खाली ऊन भाजून काढतंय, मग वर बर्फ टिकतो कसा?

पहिलं कारण सगळ्यांना ठाऊक असतं: दर १,००० मीटर उंचीला हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरतं. खोऱ्यात २० अंश असतील तर २,००० मीटर वर सातच्या आसपास.

पण सात अंशांतही बर्फ वितळायला हवा, मग तो रेंगाळतो का? एक किलो बर्फाचं शून्य अंशावर पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापवता येतं. शिवाय बर्फ स्वतःचं संरक्षण करतो. ताजा बर्फ पडलेल्या उन्हातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. जुना, मळलेला बर्फ जवळपास निम्मं ऊन शोषून घेतो, म्हणून तो झपाट्याने जातो. वाळवंटी प्रदेशातून उडालेली धूळ बर्फावर बसली तर वितळणं कित्येक दिवस अलीकडे येतं; अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत हे दर काही वर्षांनी ठळकपणे दिसतं.

आणि बर्फ सगळीकडे सारखा पडलेलाही नसतो. वारा धारेवरचा बर्फ उडवून पलीकडच्या आडोशाला रचतो. हिमप्रपात घळीच्या तळाशी बर्फाचे ढीग आणून टाकतात. मोकळ्या कुरणात फुलं उमलली असताना पन्नास पावलांवरच्या घळीत दोन मीटर बर्फ असू शकतो.

थोडा बर्फ लागला तर एवढं काय बिघडतं?

सपाट जागेवर, सकाळी, घट्ट बर्फ असेल तर फारसं काही नाही. अडचण अशी की बर्फाची परीक्षा नेमकी दुपारी होते. सकाळी दगडासारखा कडक असलेला थर दुपारपर्यंत भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो. पाठीवर १५ किलो असताना असं चालणं म्हणजे ताशी एक-दीड किलोमीटर, तेही दमछाक करून. दगडांच्या आणि झाडांच्या बुंध्यांभोवती बर्फ आतून पोकळ झालेला असतो. तिथे पाय गेला तर नडगी सोलवटते किंवा घोटा मुरगळतो.

दुसरी गोष्ट, पायवाट दिसेनाशी होते. खुणेचे दगड, फाट्यावरच्या पाट्या सगळं खाली जातं आणि आधी गेलेल्यांच्या पावलांमागे माणूस डोळे झाकून निघतो. ती पावलं चुकलेल्याचीही असू शकतात.

खरा धोका मात्र तिरक्या उतारावरच्या आडव्या चालीत असतो. जिथे उन्हाळ्यात हातभर रुंद वाट असते, तिथे बर्फाने ती बुजवून संपूर्ण उतार एकसंध करून टाकलेला असतो. सकाळच्या कडक बर्फावर पाय घसरला की थांबायला काही नसतं, आणि खाली खडक किंवा ओढा असेल तर घसरगुंडीचा शेवट वाईट होतो. अशा ठिकाणी बर्फाचा पट्टा वीस मीटरचा आहे की दोनशे, याला फारसा अर्थ उरत नाही.

मग वाट निवडताना सर्वात आधी काय बघायचं?

वाटेतला सर्वात वाईट तुकडा. एखाद्या ट्रेकच्या माहितीत एकूण अंतर, एकूण चढाई, सरासरी उंची असे आकडे दिलेले असतात. बर्फाच्या बाबतीत यातला एकही आकडा कामाचा नाही. साठ किलोमीटरच्या वाटेतले एकोणसाठ किलोमीटर कोरडे असून उपयोग नाही, जर उरलेला एक किलोमीटर उत्तरेकडच्या घळीतून खिंडीत चढत असेल. ट्रेक कधी करता येईल हे तो एक किलोमीटर ठरवतो.

म्हणून नकाशा उघडला की क्रम असा ठेवावा. आधी सर्वात उंच जागा शोधा. मग त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे उतार कुठे तोंड करून आहेत ते पाहा. मग कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) किती दाट आहेत ते. शेवटी, त्या उंचीच्या खाली पण सावलीत येणाऱ्या जागा: खोल घळी, उंच कड्यांच्या उत्तर पायथ्याची वाट, अरुंद दरी. पहिल्या नजरेत निर्धोक वाटणारी वाट या चौथ्या टप्प्यात बाद होते, आणि बहुतेक जण तिथवर पोहोचायच्या आत तिकिटं काढून मोकळे झालेले असतात.

कंटूरवरून उताराचा अंदाज घेणं अवघड नाही. रेषांमधलं उभं अंतर २० मीटर असेल आणि नकाशावर त्या दोन रेषा प्रत्यक्षातल्या ३५ मीटरवर असतील तर उतार जवळपास ३० अंशांचा आहे. हिमप्रपात बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात आणि घसरल्यावर स्वतःला थांबवणंही तिथे कठीण जातं. अशा उताराच्या पोटातून जाणारी वाट हंगामाच्या सुरुवातीला मी यादीतूनच काढतो. वाट स्वतः सपाट असली तरी तिच्या डोक्यावर असा उतार असेल तर वरून येणाऱ्या बर्फाचा विचार करावा लागतो. दुपारच्या उन्हात ओला झालेला जड बर्फ आपोआप सुटतो, त्याला कोणी धक्का द्यावा लागत नाही.

उतार कोणत्या दिशेला आहे याने खरंच इतका फरक पडतो?

पडतो, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका जास्त. हिशेब करून बघू. मार्चच्या २०-२१ तारखेला ४५ अंश अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असतो. तिथल्या ३० अंशांच्या दक्षिण उतारावर ऊन जवळजवळ सरळ पडतं. तेवढ्याच तीव्र उत्तर उतारावर ते अवघ्या १५ अंशांनी घासून जातं. थेट उन्हाची उष्णता दक्षिणेला जवळपास चौपट! हाच हिशेब ३० अंश अक्षांशावर, म्हणजे साधारण गढवाल हिमालयात, केला तर फरक दुपटीचा निघतो. म्हणून आल्प्समध्ये किंवा उत्तर अमेरिकेच्या कॅस्केड रांगेत दिशा बघणं हिमालयापेक्षाही जास्त निर्णायक असतं.

पूर्व आणि पश्चिम यांतही भेद आहे. दोघांना ऊन सारखंच मिळतं, पण पश्चिम उताराला ते दुपारी मिळतं, हवा तापलेली असताना. पूर्व उताराचा सकाळचा बराचसा वेळ रात्री गोठलेला थर सोडवण्यातच जातो. त्यात पश्चिमेचे वारे असलेल्या प्रदेशांत वाऱ्याने उडालेला बर्फ पूर्वेकडेच साठतो. थोडक्यात, पसंतीचा क्रम दक्षिण, नैऋत्य, पश्चिम. मग नाइलाजाने पूर्व. आणि उत्तर नकोच.

याचं एक मासलेवाईक उदाहरण अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनचं. उष्ण वाळवंटातली दरी म्हणून लोक मार्चमध्ये निर्धास्त जातात. पण दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर आहे आणि तिथून खाली उतरणारी ब्राइट एंजल वाट सुरुवातीला उत्तरेकडे तोंड केलेल्या कड्यातून जाते. तिच्या वरच्या वळणांवर मार्चमध्येही गुळगुळीत बर्फ सापडू शकतो, आणि खाली नदीकाठी त्याच दिवशी लोक सावली शोधत असतात.

हिमरेषा कुठे आहे याचा अंदाज घरबसल्या कसा बांधायचा?

उपग्रहाची चित्रं हे आजचं सर्वात चांगलं साधन आहे आणि ती फुकट मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी येतात आणि त्यात १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर ती पाहता येतात. नासा वर्ल्डव्ह्यूवर रोजचं चित्र मिळतं, पण त्यात एक ठिपका अडीचशे ते पाचशे मीटरचा असतो. त्यावरून डोंगररांगेचा कल कळतो, घळीतला बर्फ नाही.

नवख्यांची फसगत ढगांमुळे होते, कारण साध्या चित्रात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे. लघु-अवरक्त पट्टा वापरलेलं कृत्रिम रंगांचं चित्र निवडा. त्या पट्ट्यात बर्फ प्रकाश शोषून घेतो आणि ढग तो परत फेकतात, त्यामुळे बर्फ निळसर-हिरवट आणि बरेचसे ढग पांढरे दिसतात.

मग वाटेची रेषा त्या चित्रावर टाकायची आणि बर्फाची खालची कड उत्तर उतारावर किती उंचीला आहे, दक्षिण उतारावर किती, हे वेगवेगळं लिहून ठेवायचं. दोन्हींत काहीशे मीटरचा फरक सहज असतो. माझा स्वतःचा नियम: सावलीच्या बाजूच्या हिमरेषेच्या किमान ३०० मीटर खाली राहणारी वाट घ्यायची. हा आकडा शास्त्रीय नाही. चित्रात न दिसणारे घळीतले ढीग आणि मधेच येऊन जाणारं एखादं हिमवादळ यांच्यासाठी ठेवलेली ती सोय आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. दाट सूचिपर्णी जंगलाखालचा बर्फ उपग्रहाला दिसतच नाही. चित्रात हिरवं म्हणजे कोरडं असं समजू नका.

जंगलातली वाट उघड्या वाटेपेक्षा लवकर मोकळी होते का?

याला एकच उत्तर नाही. झाडांच्या फांद्या पडणारा बर्फ झेलतात, त्यामुळे जमिनीवर तो मुळात कमी साठतो. पण जो पडतो त्याला ऊन आणि वारा मिळत नाही. हिवाळा सौम्य असलेल्या दमट प्रदेशात जंगलातला बर्फ आधी जातो. कडक थंडीच्या प्रदेशात उलट, तो सावलीत आठवडेच्या आठवडे बसून राहतो. उत्तर उतारावरचं दाट जंगल कुठेही असो, ते उशिराच मोकळं होतं असं धरून चालावं.

एक मीटर बर्फ वितळायला किती दिवस लागतात?

तो कसला बर्फ आहे त्यावर अवलंबून. डिसेंबरातला ताजा एक मीटर आणि मेमधला दबलेला एक मीटर यांत पाण्याचं प्रमाण पाचपटीने वेगळं असू शकतं. म्हणून जाणकार खोलीपेक्षा ‘बर्फातलं पाणी’ बघतात, म्हणजे तो सगळा बर्फ वितळला तर किती मिलिमीटर पाणी उभं राहील. वसंतातल्या एक मीटर जुन्या बर्फात साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाणी असतं. चांगल्या उन्हाच्या दिवसांत २० ते ३० मिलिमीटर वितळतं असं धरलं तरी दोन ते साडेतीन आठवडे झाले. ‘पुढच्या शनिवारपर्यंत जाईल की’ हे वाक्य बोलण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

अमेरिकेच्या पश्चिम भागात स्नोटेल नावाची ९००हून अधिक स्वयंचलित केंद्रं हे आकडे रोज देतात. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या एसएलएफ संस्थेचे बर्फाचे नकाशे मिळतात. हिमालयात मोजणी केंद्रांचं जाळं विरळ आहे. तिथे उपग्रह आणि स्थानिक माणसं यांच्यावरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

पाऊस पडला की बर्फ लवकर जातो ना?

पावसाने स्वतःहून फारसा नाही. १० अंश तापमानाचा १० मिलिमीटर पाऊस जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवतो. बर्फ खरा खातात ते पावसासोबत येणारे उबदार, दमट वारे. हवेतली वाफ बर्फावर पाणी होऊन बसते तेव्हा मोठी उष्णता सोडते. म्हणून वारा नसलेल्या थंड रिपरिपीनंतर बर्फ जवळपास तेवढाच सापडतो, फक्त आणखी लिबलिबीत. आणि वर पाऊस हिम होऊन पडला असेल तर नवा पांढरा थर बसून गाडी मागे येते.

गेल्या वर्षी याच तारखेला वाट मोकळी होती. यंदाही असेल का?

तारखेवर विसंबण्याइतकी दुसरी चूक नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात बर्फाचं वार्षिक मोजमाप एप्रिलच्या सुरुवातीला होतं. २०१५ साली ते राज्याच्या सरासरीच्या फक्त ५ टक्के भरलं आणि २०२३ साली सुमारे २३७ टक्के. त्याच डोंगरातून पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही लांब पल्ल्याची वाट जाते. तिच्यावरची सर्वात उंच जागा फॉरेस्टर पास, ४,००९ मीटर. २०२३मध्ये कित्येकांनी तो पट्टा सोडून पुढचा भाग आधी केला आणि बर्फ गेल्यावर परत आले.

जुनी प्रवासवर्णनं जरूर वाचा, पण वाचताना ते वर्ष बर्फाचं होतं की कोरडं, हेही शोधा. ‘मेअखेरीस मस्त मोकळी वाट’ असं लिहिणाऱ्याच्या वाट्याला कोरडा हिवाळा आलेला असू शकतो. फोटोत पायाखालची जमीन बघा, मागची शिखरं नकोत.

हंगामाच्या सुरुवातीला कोणत्या प्रकारच्या वाटा खात्रीच्या?

समुद्रकाठच्या वाटा यादीत पहिल्या. तुर्कस्तानातली लिशियन वे, न्यूझीलंडची एबल टास्मन किनारवाट, कॅलिफोर्नियाची लॉस्ट कोस्ट अशा वाटांवर बर्फाचा प्रश्न बहुतांशी नसतोच. त्यांचे प्रश्न निराळे: लॉस्ट कोस्टवर काही पट्टे भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात, त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक नकाशाइतकंच महत्त्वाचं. आणि किनाऱ्याची म्हणून ओळखली जाणारी वाटही मधेच डोंगरात घुसते. लिशियन वेचा एक भाग तहताली डोंगराच्या बाजूने सुमारे १,८०० मीटरवर जातो, तिथे वसंतात बर्फ असू शकतो.

दुसरा प्रकार पर्जन्यछायेतल्या वाटांचा, आणि मला विचाराल तर सर्वात दुर्लक्षित. बर्फाचा साठा केवळ उंचीने ठरत नाही, बाष्प घेऊन येणारे वारे तिथे पोहोचतात की नाही यावरही ठरतो. कुलूमधून लाहौलमध्ये उतरणारी हम्प्टा खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे आणि तिथे जूनमध्येही भरपूर बर्फ असतो. लडाखच्या शाम खोऱ्यातली लिकिरकडून तेमिसगामकडे जाणारी वाट ४,००० मीटरच्या जरा आतल्याच खिंडी ओलांडते, पण मुख्य हिमालयाच्या आड असल्याने ती त्याच्या कितीतरी आधी चालण्याजोगी होते. उंचीत थोडासाच फरक, हंगामात महिन्यांचा. अमेरिकेतही कॅस्केडचा पश्चिम उतार बर्फाखाली असताना पूर्वेकडच्या कोरड्या टेकड्यांवर फुलं आलेली असतात. लडाखला जाणार असाल तर बर्फ टळला म्हणून विरळ हवा टळत नाही. लेहला पोहोचून दोन-तीन दिवस स्वस्थ बसणं आलंच.

पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः भूमध्यसागराकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा. पूर्वेकडे जावं तसा त्यांचा जोर ओसरतो. म्हणूनच सिंगालीला धारेवरची ३,६३६ मीटर उंचीची संदकफू वाट एप्रिलमध्ये गुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) बहरात चालता येते, आणि तेवढ्याच उंचीवर पश्चिमेत पाय बर्फात रुततात.

वाळवंटी दऱ्या हा तिसरा पर्याय. वसंत हाच त्यांचा खरा हंगाम, कारण पुढे उकाडा असह्य होतो. अट एकच: अरुंद घळीत शिरण्याआधी वरच्या खोऱ्यातला पावसाचा अंदाज बघायचा, डोक्यावरचं आकाश नव्हे.

मोठ्या नदीच्या खोऱ्याने, सूर्याच्या बाजूच्या काठाने जाणाऱ्या वाटाही चांगल्या. त्यांना शिखरावरून दिसणारा देखावा नसतो, त्यामुळे त्या यादीत खाली असतात. पण एप्रिलमध्ये खालून बर्फाच्छादित शिखरं बघत चालणं हे ऑगस्टमध्ये वरून उघडे दगड बघण्यापेक्षा वाईट मुळीच नाही.

वर्तुळाकार वाट घ्यावी की त्याच वाटेने परत यावं?

त्याच वाटेने परत येणारी घ्या. वर्तुळात सर्वात उंच जागा बहुधा मध्यावर येते, आणि तिथे बर्फ निघाला तर मागे फिरायला दोन-तीन दिवस आणि तेवढा शिधा लागतो. माणूस मग ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणत पुढे रेटतो. परतीची वाट ठाऊक असली की फिरायचा निर्णय सोपा होतो. वर्तुळच हवं असेल तर मधे खाली उतरायला फाटे असलेलं निवडा, आणि उंच भाग आधी येईल अशा दिशेने चाला.

वाटेवर बर्फ नाही, पण ओढ्यांना पाणी फार असेल का?

हो, आणि हंगामाच्या सुरुवातीला मला बर्फापेक्षा ओढ्यांचीच जास्त धास्ती वाटते. कोरड्या वाटेवर चालताना वरचा अख्खा हिवाळा तुमच्या वाटेला आडवा वाहत असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो; गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं.

बर्फाच्या पाण्याला रोजची भरती-ओहोटी असते. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे लोंढा संध्याकाळी, कधी रात्री शिगेला असतो आणि पहाटे सर्वात कमी. मोठा ओढा लागणार असेल तर आदल्या दिवशी अलीकडच्या काठावर मुक्काम करून पहाटे उतरावं. उतरताना सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडलेला असावा, म्हणजे पडल्यास सॅक टाकता येते. पात्र रुंद आहे तिथे पाणी उथळ असतं. अरुंद जागा जवळची दिसते आणि तिथेच ओढ सर्वात जास्त असते. खालच्या अंगाला धबधबा किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर तिथे उतरूच नका.

नकाशावर पूल दाखवला आहे म्हणून तो जागेवर असेलच असंही नाही. हिमप्रपाताच्या भीतीने काही ठिकाणी हिवाळ्यात पूल काढून ठेवतात आणि हंगाम रीतसर सुरू झाल्यावरच परत बसवतात. वाट निवडताना पुलाविना ओलांडायचे ओढे मोजा. त्यांतला एखादा मोठ्या, उंच, बर्फाने भरलेल्या खोऱ्यातून येत असेल तर वाट बदला.

चिखल आणि पडलेली झाडं?

दोन्ही असतात. चिखलाच्या कडेने गेल्यास वाट रुंदावत जाते आणि नुकतंच उगवलेलं गवत तुडवलं जातं; मधूनच चालावं, बूट धुता येतात. काही ठिकाणी याच कारणाने वसंतात उंचावरच्या वाटा बंदही ठेवतात, ते पाळावं. हिवाळ्यात पडलेली झाडं हटवणारे हात अजून पोहोचलेले नसतात, म्हणून रोजचं अंतर नेहमीपेक्षा कमी धरा. गवताळ, उबदार पट्ट्यात गोचिडी याच दिवसांत निघतात. मुक्कामाला पोहोचल्यावर पाय आणि काखा तपासा.

रात्री किती थंडी असेल? तंबू कुठे लावावा?

निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारांवरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साठते. त्यामुळे नदीकाठचं सपाट कुरण हे आसपासच्या परिसरातलं सर्वात थंड आणि दवाने भिजणारं ठिकाण असतं. तीस-चाळीस मीटर वर, उताराच्या एखाद्या टप्प्यावर रात्र बरीच सुसह्य जाते. सकाळी ऊन आधी पोहोचेल अशी पूर्वेकडे उघडी जागा मिळाली तर उत्तमच.

झोपण्याची पिशवी खोऱ्यातल्या दुपारच्या तापमानावरून निवडू नका. बर्फाचा मागमूस नसलेल्या वाटेवरही रात्री पारा शून्याखाली जाणं या दिवसांत नेहमीचं आहे.

मायक्रोस्पाइक्स घेतले की काळजी मिटली का?

नाही. बुटांवर चढवायच्या या छोट्या दातांच्या साखळ्यांची सपाट किंवा सौम्य उतारावरच्या कडक बर्फावर उत्तम पकड बसते, आणि वजनही थोडं असतं, तेव्हा सॅकमध्ये जरूर टाका. दुपारच्या मऊ बर्फात त्यांचा उपयोग नसतो आणि तीव्र उतारावर त्या खोटा धीर देतात. तिथे क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लांब दात), आइस अ‍ॅक्स आणि ते वापरण्याचा सराव लागतो. सराव नसेल तर साहित्य फक्त वजन वाढवतं.

एवढं करूनही मधे बर्फाचा पट्टा आलाच तर?

आधी थांबून खाली बघा: घसरलो तर कुठे जाऊ? खाली सपाट गवत असेल आणि पट्टा छोटा असेल तर टाच रुतवत, काठ्या वापरत सावकाश जाता येईल. खाली कडा, खडक किंवा पाणी असेल तर मागे फिरा. वरून किंवा खालून वळसा घालता येतो का, हेही पाहा. अनेकदा पट्टा घळीपुरताच असतो आणि पन्नास मीटर खाली संपतो.

बर्फाखाली पाण्याचा आवाज येत असेल तर तो पूल आहे, आणि तो किती जाड उरलाय हे वरून कळत नाही. त्यावर पाय ठेवू नका.

वेळेचा अंदाज घेताना आदल्या रात्रीचं आकाश आठवा. निरभ्र रात्री बर्फ उष्णता सोडून कडक गोठतो, मग सकाळी नऊ-दहापर्यंत वरून चालता येतं. रात्रभर ढग असतील तर तो गोठतच नाही, आणि पहाटे पाचलाही पाय रुततो. अशा दिवशी लवकर उठून काही साधत नाही.

गॉगल लागेल का? आपण तर बर्फात जात नाही.

लागेल. दर १,००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि समोरच्या बर्फाळ उतारावरूनही ती डोळ्यांत येतात.

निघण्याच्या आठवड्यात नेमकं काय तपासायचं?

ताजं उपग्रह चित्र, आणि त्याच्याशी दहा-पंधरा दिवसांपूर्वीचं चित्र ताडून हिमरेषा किती वर सरकली ते. हवामान अंदाजात पावसाचं हिम कुठल्या उंचीपासून होणार आहे तो आकडा. वाटेच्या सुरुवातीपर्यंतचा रस्ता उघडला आहे का. पुष्कळदा वाट मोकळी असते आणि तिथे नेणारा घाटरस्ताच बर्फाने बंद असतो. निवारे किंवा झोपड्यांवर भिस्त असेल तर त्यांच्या तारखा: आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताच्या प्रदक्षिणेवरचे अनेक निवारे जूनच्या मध्याच्या आसपास उघडतात, आणि त्यानंतरही २,५३७ मीटरच्या ग्रांद कोल फेरेसारख्या खिंडींजवळ बर्फाचे पट्टे राहू शकतात.

मग वनचौकीला किंवा पायथ्याच्या गावात फोन. विचारताना ‘वाट चालू आहे का?’ असं विचारू नका, त्याला उत्तर बहुधा ‘हो’च येतं. त्या एका घळीचं, त्या एका ओढ्याचं नाव घेऊन विचारा, आणि तिथे शेवटचं कोण आणि कधी जाऊन आलं तेही.

हे सगळं करून उत्तर नकारार्थी आलं तर? म्हणून दुसरी, आणखी खालची वाट आधीच ठरवलेली हवी, शक्यतो त्याच रस्त्यावरची, म्हणजे प्रवासाची आखणी मोडत नाही.

दक्षिण गोलार्धात हेच नियम लागू होतात का?

होतात, दिशा उलटी करून. न्यूझीलंड, पॅटागोनिया इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे बर्फ दक्षिण उतारांवर रेंगाळतो आणि हंगामाची सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. न्यूझीलंडच्या मिलफोर्ड वाटेचा रीतसर हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होतो. त्याआधी तिच्यावर हिमप्रपाताचा धोका असतो. त्या दिवसांत तिथे असाल तर किनाऱ्याची एबल टास्मन घ्या.